रुमालाखालचा सौदा

आप्पांनी मला खोली दिली ती रुमालाखाली.

सारंगखेड्याला धरणाच्या कामावर माझी पहिलीच नेमणूक. एक वळकटी, एक पेटी आणि कॉलेजपासूनचा जुना कॉम्प्युटर एवढा संसार रिक्षातून उतरवून मी त्यांच्या ओट्यापाशी उभा होतो. आप्पा उंचीने बेताचे, पायांना चांगलाच बाक, खांद्यावर निळ्या चौकडीचा रुमाल. मी भाड्याचं विचारलं, तर म्हणाले, "हात दे." मला वाटलं, हस्तांदोलन. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, वर रुमाल टाकला आणि माझी बोटं एकेक करून दाबायला लागले. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे इतका वेळ कुणी कुणाचा हात धरत नाही. ते दाबायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे, परत दाबायचे. शेवटी संकोचाने मीही कुठंतरी काहीतरी दाबलं. "पक्कं," आप्पा म्हणाले आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकला. भाडं किती ठरलं ते मला महिनाअखेरीला शेजाऱ्यांकडून कळलं.

पुढे ओळख वाढल्यावर मी विचारलं, "आप्पा, त्या दिवशी अंगणात आपण दोघंच होतो. रुमाल कशाला टाकला?"

"घोडी व्हती ना तठे," ते म्हणाले.

आप्पा जन्मभर घोड्यांचे दलाल. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, आणि तिथे भाव तोंडाने बोलायचा नाही ही जुनी रीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरतात. बोटं बोलत असतात, चेहरे दोघांचेही मख्ख. भोवती उभ्या असलेल्या गर्दीला काही म्हणजे काही कळत नाही. आप्पांनी मला ही भाषा शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. आकडे काही माझ्या बोटांत बसले नाहीत, पण दोन खुणा पक्क्या बसल्या. अंगठा समोरच्याच्या तळहातात रुतवून दाबला की सौदा पक्का. मग कुणी दुप्पट देतो म्हटलं तरी मागे फिरायचं नाही. दुसरी खूण म्हणजे हात झटकन काढून घेणं. नवखा माणूस समजतो, सौदा मोडला.

"मोडना नही," आप्पा सांगायचे. "हात काढा म्हंजे भाव चढ. आजून चढ. ज्याले सौदाच नको तो हात काढस नही, तो हातच देस नही."

म्हातारपणी बाजार सुटला, रुमाल सुटला नाही. न्हाव्याशी दाढीचं रुमालाखाली, चहावाल्याशी साखरेचं रुमालाखाली. एकदा शहाद्याला डॉक्टरांनी नाडी बघायला मनगट धरलं, तर आप्पांनी सवयीने वर रुमाल टाकला आणि डॉक्टरांची करंगळी दाबली. डॉक्टर तरुण होते. ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

माणसांकडेही ते घोडे पाहावेत तसे पाहत. आमचे साहेब एकदा जीपमधून उतरताना त्यांनी ओट्यावरून पाहिले आणि मला म्हणाले, "हाऊ मानूस लगाम वढा की उभा ऱ्हास. याले मोकया सोड." साहेबांना मोकळं सोडणं माझ्या हातात नव्हतं, पण त्यांच्याशी हुज्जत घालायचं मी सोडलं आणि खरंच माझं बरं चाललं. घरून माझ्यासाठी आलेला मुलीचा फोटो मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. "उभी शे," म्हणाले. "चालाडीसन देखाडा म्हना." म्हणजे चालवून दाखवा, बाजारात घोडा दाखवतात तसं.

अंगणातल्या घोडीचं नाव बिजली. हे नाव कुणी आणि का ठेवलं, देव जाणे. ती दिवसभर उभ्याउभ्या डुलक्या घ्यायची. माशी बसली तरी शेपूट हलवण्याआधी विचार करायची. आप्पा तिला वेळेवर चारा घालत, चणे भिजवून देत, पण तिच्यावर कधी बसत नसत. आणि तिला बांधायची त्यांची एक तऱ्हा होती. खुंटा भिंतीला इतका लागून ठोकलेला, की घोडीची डावी बाजू कायम भिंतीकडे. पाणी पाजतानाही ते उजवीकडूनच जात. जागेची अडचण असेल म्हणावं, तर अंगण एवढं होतं की लग्नाचा मांडव पडला असता.

कारण मला त्यांच्या लेकीने सांगितलं. ती सुरतेला दिलेली. महिन्या-दोन महिन्यांनी वडिलांना बघायला यायची. मी तिला ताई म्हणायचो. बिजलीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता, बरोबर आसू ओघळतो त्या जागी. घोड्यांच्या बाजारात त्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर ज्याच्या दारात येतं त्याचं घर रडतं, अशी समजूत. आप्पांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. घोडी देखणी होती, मोह पडला, घेतली. त्याच वर्षी ताईच्या आईला, काकूंना, सुरतेला दवाखान्यात नेलं आणि त्या परत आल्या नाहीत.

"मग ही घोडी विकली का नाही?" मी विचारलं.

"कोनाले विकतीन?" ताई म्हणाली. "मंग ते घर रडी."

असे आप्पा. घोडी विकायची नाही, तिच्यावर बसायचं नाही आणि तिच्या त्या बाजूला बघायचंही नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर एक जुना खेळ होता. डोंगरातलं एक लहान गाव, तिथला एक साधा तरुण, कमरेला लाकडी तलवार. गावच्या वेशीबाहेर जंगल, जंगलाच्या टोकाला खिंड आणि खिंडीपलीकडे राक्षस, जादूगार, हरवलेला मुकुट अशा पुष्कळ भानगडी. शाळेत असल्यापासून मी तो कितीदा खेळलो असेन. रविवारी दुपारी दुसरं काही करण्यासारखं नसलं की तोच काढून बसे. एका रविवारी आप्पा मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर घोड्यांची पागा होती.

"हाऊ कोना घोडा?"

"खेळातला आहे, आप्पा."

"ते मले दिखी ऱ्हायनं. मालक कोन शे?"

मी पागेवाला दाखवला. आप्पांनी त्याला नीट न्याहाळलं, स्टूल ओढलं आणि बसले. तेव्हापासून रविवारची दुपार त्यांची झाली. खेळ इंग्रजीत. मी मराठीत वाचून दाखवायचो, आप्पा अहिराणीत पडद्याला उत्तर द्यायचे आणि एका बोटाने बटणं दाबायचे. सुरुवातीला खेळ आपलं नाव विचारतो. आप्पांना ते पटलं नाही. "नाव कसाले? मी याच गावना ना? मंग सगळा वळखतस." मी 'आप्पा' असं टाईप करून वाद मिटवला.

पहिलं काम गावच्या पाटलाचं. कोठारात उंदीर झालेत, ते मारून या. हे काम मी चुटकीसरशी करायचो. आप्पा कोठाराच्या दारातूनच परत आले. "पाटीलले सांग, मांजर ठेव."

"आप्पा, तो पाटील असं काही ऐकून घेत नाही."

"मंग कसाना पाटील?"

दुकानात तर कहर झाला. दुकानदार तलवारीची किंमत सांगतो ती सांगतो. त्यात कमी-जास्त होत नाही. आप्पा एक अक्षर न बोलता दुकानाबाहेर पडले आणि दाराशी उभे राहिले.

"आता काय?" मी विचारलं.

"आते तो हाक मारी."

खेळातला दुकानदार हाक मारत नाही. आम्ही उभे राहिलो. मध्ये चहा करून प्यायलो. पडद्यावर पाखरं उडत होती आणि दुकानदार आत झाडू मारत होता. आप्पा परत आत गेले, तीच किंमत. परत बाहेर आले. त्यात सगळी दुपार गेली. शेवटी ते म्हणाले, "पक्का शे. याना बाप बी दलाल व्हई." आणि मोठ्या आदराने त्यांनी ती तलवार सांगितल्या किमतीला घेतली.

लाईटचा भरवसा नसायचा. लाईट गेली की खेळ शेवटी जिथे जपून ठेवला असेल तिथून परत सुरू करावा लागे. त्या जपून ठेवण्याला आप्पांनी 'खुंटा ठोकणं' असं नाव दिलं. कोंबडी पकडली की खुंटा, पूल ओलांडला की खुंटा. "ठोक रे भो, घोडं सुटी जाई," असं ते मागे लागायचे. खुंट्यावाचून त्यांना चैन पडायचं नाही.

वेशीबाहेर पडायचं झालं की ते आधी गावातल्या प्रत्येक घरी सांगून येत. लोहार, दुकानदार, पाटील, विहिरीवरची म्हातारी. ही खेळातली माणसं आपलं एकच ठरलेलं वाक्य बोलतात. आप्पा "येस बरं का" म्हणून निरोप घेत आणि पुढच्या दारी जात. मी एकदा वैतागलो. "आप्पा, त्यांना काही फरक पडत नाही हो."

"त्यास्ले नही पडत," ते म्हणाले. "जानाराले पडस."

विहिरीवरच्या म्हातारीवर त्यांचा विशेष जीव. ती कधीही गेलं तरी "आज पाऊस येणार असं वाटतं" एवढंच म्हणते. आप्पा तिला गावातल्या सगळ्या बातम्या सांगत. कुणाच्या केळीचा घड पडला, कुणाकडे पाहुणे आले. एका रविवारी मी चहाचे कप घेऊन आत येत होतो, तर ते हळू आवाजात तिला सांगत होते, "चढ चढाले गयं की छातीमा दुखस वं माय. कोनले सांगू नको." म्हातारी म्हणाली, आज पाऊस येणार असं वाटतं. मी कप खाली ठेवले आणि ते मला कळलंच नाही असं दाखवलं. पण संध्याकाळी ताईला फोन केला.

शहाद्याच्या त्याच तरुण डॉक्टरांनी, या वेळी दोन्ही हात खिशात ठेवून, स्पष्ट सांगितलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यात, ऑपरेशन करावं लागेल, सुरतेला न्या. उशीर केलात तर मग नेऊनही उपयोग होणार नाही.

सुरतेचं नाव काढलं की आप्पा उठून बिजलीला पाणी पाजायला जात. बिचारी तहान नसताना पाणी पिऊन पिऊन फुगली. ताई आली, रागावली, रडली, जेवेनाशी झाली. आप्पांचं एकच उत्तर: "देखूत." परत निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, तठे सगळं तयार शे. डॉक्टर शे, मन्हं घर शे. आप्पास्ना पाय तेवढा निंघत नही. तुम्हनं ऐकतस ते."

ऐकत ते कुणाचंच नसत. पण तिच्या तोंडाकडे बघून मी हो म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवे होते. घरापासून इतक्या लांब मला घर असं त्यांच्याच ओट्यावर मिळालं होतं. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत केवळ हट्टापायी जावा, हे मला चालणार नव्हतं.

इकडे खेळातही आप्पा अडून बसले होते. जंगलात लांडगे असतात आणि खिंड पायी ओलांडताच येत नाही. लांडगे गाठतात. त्यासाठीच तर गावात पागा आहे. पागेवाल्याचं हरवलेलं शिंगरू शोधून दिलं की तो बक्षीस म्हणून घोडा देतो. आप्पांनी शिंगरू शोधून दिलं. पागेवाला खूश झाला, पडद्यावर घोड्याचं तोंड मोठं होऊन आलं आणि खाली प्रश्न आला: घेणार का? आप्पा पुढे वाकले. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. मग मागे सरले.

"नको."

"का?"

"आसूढाळ शे."

त्यांनी बोट दाखवलं. घोड्याच्या डोळ्याखाली खरंच एक बारीक काळा ठिपका होता. इतक्या वेळा मी हा घोडा घेतला होता, माझ्या तो कधी लक्षात आला नव्हता. "आप्पा, हे चित्र आहे."

"काढनारानी घोडा देखीसनच काढा व्हई ना?"

आप्पा पायी निघाले. लांडग्यांनी खाल्लं. खुंट्यावरून परत उठले, घरोघर सांगून आले, पायी निघाले, परत लांडग्यांनी खाल्लं. दर रविवारी हेच. लांडग्यांना आप्पांची चव लागली होती.

अशाच एका रविवारी, लांडग्यांचं जेवण झाल्यावर, मी दोरीवरचा टॉवेल ओढला, आप्पांच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. "मला आकडे येत नाहीत म्हणून तोंडाने बोलतो," मी म्हणालो. "ही खिंड तुम्ही ओलांडली की सुरतेला जायचं. बोला."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा मख्ख. मग त्यांचा अंगठा माझ्या तळहातात रुतला.

मी आनंदाने ताईला फोन लावला. सौदा झाला म्हणून सांगितलं. पण ती दलालाची लेक. "खिंड कशावर बशीसन वलांडतस?" तिने विचारलं.

"घोड्यावर."

"आन आप्पा त्या घोडावर बसतस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हाताऱ्याने मला खुशाल गुंडाळलं होतं. खिंड पायी ओलांडता येत नाही, घोड्यावर ते बसणार नाहीत, म्हणजे सुरत नाही. सगळं रीतीप्रमाणे, टॉवेलाखाली. "मी ओलांडून देतो ना," असंही मी त्यांना म्हणून पाहिलं. "सौदा कोना? मन्हा," ते म्हणाले. "मंग बोट मन्हंच." त्यानंतरचे रविवार मला नकोसे झाले. आप्पा मजेत लांडग्यांकडे निघत आणि मध्येच बटणावरचं बोट उचलून हात छातीवर ठेवत. ओट्याच्या पायऱ्या चढून आले की खांब धरून उभे राहत. ओठ निळसर दिसायला लागले होते.

शेवटी मी आणि ताईने ठरवलं, सौदा गेला खड्ड्यात. गाडी करायची आणि उचलून न्यायचं. त्या रविवारी मी कॉम्प्युटरवर रजेचा अर्ज टाईप करत होतो. आप्पा येऊन स्टुलावर बसले आणि खेळ लागायची वाट बघू लागले. समोर नुसता पांढरा कागद.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं. बोट कागदाच्या उजव्या अंगाला, जिथे मी काहीच लिहिलं नव्हतं.

"कुठे?"

"हाई. काया ठिपका."

"तो डाग आहे, आप्पा. काचेतलाच. कॉलेजपासून आहे तो."

बोलता बोलताच मला पागेतला घोडा आठवला. मी अर्ज बाजूला सारला, खेळ लावला, पागेत गेलो. घोड्याचं तोंड आलं. ठिपका डोळ्याखाली. मी एक बटण दाबून खेळाची चौकट लहान केली. घोडा आक्रसून कोपऱ्यात गेला आणि ठिपका होता तिथेच राहिला. घोड्याचा गाल स्वच्छ होता.

मला हसू फुटलं. आप्पांना नाही. त्यांनी नखाने काच खरवडून पाहिली. मग उठले आणि अंगणात गेले.

मी दारातून बघत होतो. ते बिजलीच्या डाव्या बाजूला जायला निघाले, पण भिंतीमुळे तिथे शिरायला जागाच नव्हती. त्यांनी दावं सोडलं, तिला अंगणाच्या मधोमध आणलं आणि फिरवलं. किती वर्षांनी तिच्या त्या गालावर ऊन पडत होतं कोण जाणे. भोवरा होता. चांगला स्पष्ट होता.

"हिना तं खरा शे," आप्पा म्हणाले. मला म्हणाले की घोडीला, ते कळलं नाही. मग जरा थांबून म्हणाले, "पन हिनी काय करं?"

त्यांनी भोवऱ्यावर तळहात ठेवला. बिजलीने मान खाली केली आणि डोळे मिटले. आप्पा तसेच उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी आत येऊन उगाच अर्जातलं शुद्धलेखन तपासत बसलो.

ऊन उतरायच्या आत भिंतीजवळचा खुंटा उपटला आणि अंगणाच्या मध्ये नवा ठोकला. ठोकला मी, आप्पा बाजूला बसून तो कसा चुकीचा ठोकला जातोय ते सांगत होते. मग ते आत आले आणि स्टुलावर बसले. पागेवाल्याने विचारलं, घेणार का? आप्पांनी हो म्हटलं.

अर्थात लगेच निघाले नाहीत. लोहार, पाटील, विहिरीवरची म्हातारी, सगळ्यांना सांगून झालं. दुकानदाराच्या दाराशी जरा जास्तच रेंगाळले, पण त्याने हाक मारली नाही. मग वेस, मग जंगल. लांडगे मागे लागले. आप्पा स्टुलावर पुढे वाकून तोंडाने घोडा हाकत होते आणि टाचा स्टुलाच्या पायांवर आपटत होते. मी त्यांच्या छातीकडे बघत होतो. घोडा खिंडीतून पार झाला. पलीकडचा मुलूख उघडला. नदी, मनोरे, लांबवर समुद्र. आप्पांनी त्याच्याकडे धड बघितलंही नाही.

"खुंटा ठोक," ते म्हणाले. "आन पोरले फोन लाव. सौदा म्हंजे सौदा."

निघायच्या दिवशी गाडीवाला हॉर्न वाजवून थकला. आप्पा न्हाव्याकडे सांगून आले, चहावाल्याकडे सांगून आले, ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्याही दारात उभे राहून आले. बिजलीला शेजाऱ्यांच्या हवाली केलं आणि तिच्या दोन्ही अंगांनी हात फिरवला. तापीचा पूल गेला, नंदुरबार गेलं. नवापूरकडे डोंगर लागले आणि रस्ता वळणं घ्यायला लागला, तेव्हा त्यांनी माझा गुडघा हलवला. "लांडगा दिखनात तं सांग."

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकावर ताई माझ्याशेजारी बसली होती. "आईले बी असंच आत लई गया व्हतात," एवढं एकदा म्हणाली आणि मग दारावरची नजर तिने काढली नाही. खिंडीचा सौदा मीच घातला होता, आणि दाराआड काय चाललंय ते मला कळत नव्हतं.

डॉक्टर आले. ऑपरेशन झालं, म्हणाले. आता शुद्धीवर कसे येतात ते बघायचं. बराच वेळ झालाय, अजून प्रतिसाद नाही. घरच्यांनी एकेकाने आत जाऊन हाक मारा, ओळखीचा आवाज ऐकून काही हलतात का पाहू. आधी ताई गेली. परत आली ती भिंतीला धरून. "वळखत नहीत," म्हणाली. "डोया उघडत नहीत."

मग मी गेलो. तोंडात नळी, छातीपर्यंत हिरवी चादर. आप्पा पलंगावर एवढेसे दिसत होते. मी हाक मारली. परत मारली. काही नाही. नर्स घड्याळाकडे बघायला लागली. मला दुसरं काय करावं ते कळेना, म्हणून मी चादरीखाली हात घातला, त्यांचा हात शोधला आणि माझा अंगठा त्यांच्या तळहातात रुतवला. तुमच्याकडून सौदा पुरा झाला, आप्पा, एवढंच मला सांगायचं होतं.

हात थंड होता. मी तसाच दाबून उभा राहिलो. मग त्यांची बोटं हलली. माझी बोटं त्यांनी सावकाश एकेक करून चाचपली, आणि झटकन हात काढून घेतला.

त्या क्षणी मला नवख्यासारखं एवढंच कळलं, की हात सुटला. नर्सने खुणेने बाहेर जायला सांगितलं. ताई दारातच उभी होती. "काय व्हयनं?"

"हात दिला होता त्यांनी," मी म्हणालो. "आणि काढून घेतला."

"काढी लिना?"

"हो. झटकन."

ती बाकावर बसली, पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. रडतही होती. पण पदर बाजूला केला तेव्हा दिसलं, की ती हसत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "आप्पा आजून भाव करी ऱ्हायना."

मी तिच्या शेजारी बसलो आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.